शुद्धिपत्र

वखारभागातल्या छापखान्यात, सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात,
चौघांनी पैज लावली. मी पाचवा,
म्हणजे खिळे जुळवणारा; मला कुणी विचारलं नव्हतं.

प्राध्यापक आठल्ये म्हणाले, लोक काहीही वाचतात.
औषधवाले उपाध्ये म्हणाले, काहीही म्हणजे किती काहीही?
मगदूम हळदीच्या सौद्यातून थेट आलेले,
त्यांची पिवळी बोटं भडंगाच्या कागदावर उमटलेली.
ते म्हणाले, पैसे माझे.

नियम ठरले. प्रत्येकाची तीन प्रकरणं.
मागचं प्रकरण वाचायचं नाही.
दर प्रकरणात एक वीज, एक मूर्च्छा,
चुकीच्या हाती पडणारी एक चिठ्ठी
आणि ‘ती थरथरली’ किमान चार वेळा.
टपालातल्या शिकलगारांनी तिला अकरा वेळा थरथरवलं,
वर म्हणाले, माझी हौस.

कादंबरी: रक्तचंदनी पैंजण.
लेखिका: सुवर्णलता विजापुरे.
मागे फोटो,
हरभट रोडच्या स्टुडिओतून
कुणी न्यायलाच न आलेल्या एका बाईचा.

मी उलटी अक्षरं सुलटी वाचत जुळवत गेलो.
नायिकेचे डोळे तिसऱ्यात निळे, पाचव्यात काळे,
आठव्यात, उपाध्यांच्या घाईत, ‘टपोरा’.
चौथ्यात काका अंकलीच्या पुलावरून कृष्णेत गेले,
रीतसर तेरावं झालं.
मी विचारलं, डोळ्यांचं काय करू?
दस्तगीर, चूक सुधारायची नाही.
चूक हाच माल आहे.

नववं प्रकरण अर्धं पान कमी पडलं.
आठल्ये पेपर तपासायला परगावी.
मालक कुलूप हातात घेऊन उभे: भर काहीतरी.
रात्रीचे साडेअकरा. मी काकांना उठवलं.
मेलेत हे ध्यानात नव्हतं, खरं सांगतो.
पहाटे, सगळं घर निजलेलं असताना
त्यांनी स्टोव्हला पिन मारली, आधण ठेवलं,
दोन चमचे साखर घातली
आणि बशीत ओतून, फुंकर मारत,
न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून प्यायले.
वीज नाही. कुणी थरथरलं नाही.
माझे अब्बा असेच बसायचे.

खपली.
भाड्याच्या वाचनालयांत पंधरा पैसे रोज,
तरी नंबर लागायचे.
तासगावहून तार: दुसरा भाग पाठवा.
शेवटी आठल्यांनी सभा घेतली, सगळं फोडलं.
हे सोंग होतं, म्हणाले, परीक्षा होती तुमची.
मागच्या बाकावरून एक आजोबा उठले,
बाईंवर जळता का हो, सर?
टाळ्या आजोबांना.

पुढे आठल्यांनी खरी कादंबरी लिहिली, नऊ वर्षं लावून.
तिचे गठ्ठे मी बांधले;
सोडायची वेळ आली नाही.

परवा गणपती पेठेत, रद्दीच्या काट्यावर, ती दिसली.
वाचनालयाचा जांभळा शिक्का,
कुठल्यातरी पुरात भिजून फुगलेली, शिवण गेलेली.
आत पेन्सिल. पहिल्या पानापासून.
निळे खोडून काळे. ‘टपोरा’चं टपोरे.
एका आठवड्यात दोन सोमवार आले होते,
त्यातला एक गुरुवार केलेला.
वीज कडाडली तिथे: ‘पण हा मार्गशीर्ष आहे.’
अकरा थरथरण्यांपैकी आठ काट,
तीन ठेवलेल्या, विचार करून ठेवल्यासारख्या.
चाळीस वर्षं प्रुफांत काढली मी,
असा हात पाहिला नाही.

नववं उघडलं.
मेलेले काका स्टोव्हपाशी.
इथे तर काट असणारच.

नव्हती.
‘दोन चमचे’खाली नुसती बारीक रेघ
आणि समासात, त्याच अक्षरात:
आमचे दीड घेत.